मिरगाआधीची शेळी-मेंढी: मासवण पट्ट्यात फाल्गुन-चैत्रात करायची कामं

घाटावर शेळी-मेंढीवाल्याचं वर्ष पाणी शोधण्यात जातं, मासवणात ते पाणी चुकवण्यात जातं. जून ते सप्टेंबरमध्ये इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. करडं दगावतात, खूर कुजतात, जंतांनी शेळ्या वाळतात ते सगळं आषाढ-श्रावणात. दोष मात्र पावसाला देऊन चालत नाही. त्यातलं बरंचसं होळी ते अक्षय्य तृतीया या दिवसांत टाळता येतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपलं गोठ्याकडे दुर्लक्ष होतं. भात निघून गेलेला, वालाच्या शेंगा तोडायच्या, लग्नसराई तोंडावर, घरातला एक माणूस बोईसरला कंपनीत पाळीवर. शेळ्या काय, सोडल्या की चरून येतात, असा समज.

पालघर-मनोर रस्त्यावरच्या या पट्ट्यात, सूर्या नदीच्या दोन्ही अंगांना, पाड्यापाड्यांवर घरटी थोड्याच शेळ्या असतात आणि त्या बहुधा घरातल्या बाईच्या हाताखाली असतात. मेंढी वर्षभर सांभाळणारे फार थोडे. मेंढरं दिसतात ती दिवाळीनंतर घाट उतरून आलेल्या धनगरांची, आणि पावसाआधी ती परत वर जातात. त्यांच्या या येण्याजाण्यात मोठं शहाणपण आहे. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. तिच्या लोकरीला आणि खुरांना कोकणातला आषाढ सोसत नाही. ज्यांना मासवणात मेंढी बारमाही ठेवायची हौस आहे त्यांना माझा सल्ला सरळ आहे: दोन-चार ठेवून बघा, वीस-पंचवीस आणू नका. शेळीचं गणित इथे जास्त जमतं. पुढचं सगळं मुख्यतः शेळीबद्दल आहे. मेंढीचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगतो.

बोकड आधी बांधा

शेळी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. मेंढीचंही जवळपास तेवढंच. आता हिशेब करा. होळीच्या सुमारास बोकड लागला तर करडं ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन श्रावणसरींत. पाडव्याला लागला तर ऑगस्टच्या उत्तरार्धात. ओल्या जमिनीवर पडलेलं दीड-दोन किलोचं करडू, भिजलेली आई, बाहेर चरायला जायची सोय नाही. अशी करडं वाचवायला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात दुप्पट शेळ्या सांभाळून होतील.

म्हणून माघ लागला की बोकड कळपातून वेगळा काढा आणि अक्षय्य तृतीया उलटून मेच्या मध्यापर्यंत वेगळाच ठेवा. वेगळं बांधायला जागा नसेल तर जुनी युक्ती करा: पोटाखाली गोणपाटाचा तुकडा असा बांधायचा की बोकड चढला तरी लागू नये. दोर रोज तपासा, काचतो. मे महिन्याच्या मध्याला बोकड सोडला की पहिली वेत ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते. पाऊस सरलेला असतो, बांधावर गवत असतं, झाडांना पाला असतो आणि आईला दूध असतं. शेळी दर २१ दिवसांनी माजावर येते, मेंढी साधारण १७ दिवसांनी. त्यामुळे दीड-दोन महिने बोकड कळपात राहिला तर बहुतेक शेळ्या गाभण राहतात.

यात एक फट राहते. तीन महिन्यांच्या पुढची नर पिल्लं आपल्याला लहान वाटतात, पण ती आईला आणि बहिणींना गाभण करू शकतात. जी विकायची आहेत त्यांना या वयाच्या आत डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या, नाहीतर त्यांचीही वेगळी दावण करा. आणि तोच बोकड चार-पाच वर्षं ठेवू नका. दोन वर्षांनी बदला, शेजारच्या पाड्यावरच्या चांगल्या बोकडाशी अदलाबदल केली तरी चालते. रक्त जवळचं झालं की करडं खुरटतात, आणि मग दोष जातीला दिला जातो.

फाल्गुनातली करडं

दसरा-दिवाळीला लागलेल्या शेळ्या या दिवसांत वितात. ही वेत वाईट नाही. करडांना पावसाआधी तीन महिने मिळतात आणि जूनपर्यंत ती आईचं दूध सोडून पाल्यावर येतात. पण ऊन आणि आटलेला चारा यांच्याशी गाठ असते.

विण्याच्या आधीचा दीड महिना शेळीला पोटभर द्या. पिल्लाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यातच होते. विताना शक्य तो हात घालू नका. पाणमोट फुटल्यावर तासभर जोर करूनही काही दिसत नसेल तर डॉक्टरांना बोलवा. करडू पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळ पोटापासून दोन-तीन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून कापा आणि टोक टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. राख, शेण, हळद यांतलं काही लावू नका. धनुर्वात नाळेतून शिरतो.

मग चीक. पहिल्या तासाच्या आत करडाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. पहिला चीक पाजला तर वार पडत नाही, असं अजून कुठे कुठे मानतात आणि वार पडेपर्यंत करडाला उपाशी ठेवतात. उलट आहे. करडू लुचलं की गर्भाशय आकसतं आणि वार पडायला मदतच होते. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाचा दहावा भाग चीक गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, तीन-चार वेळा मिळून. जुळ्यांमधलं अशक्त पिल्लू हाताने धरून पाजा. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, दवाखान्यात कळवा.

दुपारी करडं पत्र्याखाली कोंडू नका. आपल्याकडे मार्चमध्येच हवा दमट होते आणि पत्रा तापला की आतली हवा कोंदते. आंब्या-फणसाच्या सावलीत डालग्याखाली ठेवलेली करडं जास्त सुखात असतात. डालग्याखाली पाणी येत नाही ना आणि मुंग्यांचं वारूळ नाही ना, एवढं बघा. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळ्या पाल्याची जुडी तोंडाच्या उंचीला टांगून ठेवा. खाली टाकलेला पाला तुडवून, लेंड्यांत मळून पोटात जातो आणि हगवण सुरू होते.

दिवस कसा लावायचा

चरणं सकाळी लवकर, उन्हाची तिरीप चढायच्या आत, आणि मग चारनंतर. मधल्या वेळात सावली आणि पाणी. उन्हाळ्यात मोठी शेळी दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिते, दुभती त्याहून जास्त. हे पाणी घरीच पाजा. कारण सांगतो.

हा पट्टा घाटावरच्या अर्थाने उन्हाळ्यात कोरडा नसतो. सूर्या प्रकल्पाचे कालवे वाहतात, काही ठिकाणी उन्हाळी भात असतं, कालव्याच्या कडेला हिरवं गवत असतं. बाकी सगळं करपलेलं आणि तिथेच हिरवळ, म्हणून शेळ्या धावतात तिकडे. पण ओलीत गोगलगाय असते आणि तिच्या अंगात यकृतकृमीची पिल्लं वाढतात. आटत चाललेल्या डबक्यांच्या कडेला तर गोगलगायी दाटीने असतात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबणारी, खाऊनही वाळत जाणारी शेळी पावसाळ्यात दिसते. तिची लागण कित्येकदा चैत्रातल्या या हिरवळीवर झालेली असते. कालव्याच्या कडेचं गवत द्यायचंच असेल तर वरचं वर कापून, उन्हात चांगलं सुकवून द्या. भाजीच्या वाफ्यांवर फवारणी झाली असेल तर त्या बांधाकडे बरेच दिवस फिरकू नका. आणि बोईसरच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे, तिकडच्या नाल्यांचं पाणी जनावराला दाखवूसुद्धा नका.

चारा झाडावर शोधा. शेळीला मान वर करून खायला आवडतं आणि जंतही जमिनीलगतच्या गवतात असतात, म्हणजे तिची आवड तिच्या हिताचीच आहे. उंबर, वड, फणस, बोर, शेवरी, आपटा यांचा पाला चालतो. या दिवसांत विलायती चिंचेच्या आणि रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाच्या शेंगा पडतात. या गोळा करून सुकवून ठेवा, फुकटचा खुराक आहे. वालाचा भुसा जपा. भाताच्या पेंढ्यापेक्षा तो शेळीला कितीतरी चांगला. पेंढ्यात प्रथिनं नावालाच असतात, शेळी तो नुसता चिवडते. सुबाभूळ द्या, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. जास्त झाली की केस गळतात. घाणेरीचा पाला एरवी शेळी टाळते, पण चैत्रात पोट रिकामं असलं की खाते, आणि तिच्याने यकृत बिघडतं. सकाळी सोडायच्या आधी मूठ-दोन मूठ सुका चारा पोटात गेला की असलं अबरचबर खाणं कमी होतं.

राबासाठी फांद्या तोडणार असाल तर त्या ताज्या असताना आधी शेळ्यांपुढे टाका. शेळीने ओरपलेली फांदी नंतर वाळून जळतेच की. मात्र राब भाजायच्या शेतापासून गवताची गंजी आणि शेळ्यांचा माळा लांब असू द्या. एप्रिलच्या वाऱ्यावर ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही.

या दिवसांतला सगळ्यात खोटा लाड म्हणजे लग्नघरचा उरलेला भात. हळदीच्या दुसऱ्या दिवशी टोपलंभर भात वाया जाऊ नये म्हणून शेळीपुढे ठेवतात. सवय नसलेल्या पोटात इतका भात गेला की तो आंबतो, आम्ल वाढतं, शेळी दात खाते, पातळ हगते आणि दीड-दोन दिवसांत मरते. अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचंही तसंच. चार फुलं खाल्ली तर मजा, रास खाल्ली तर गोडव्यानेच मरण. असं झालंय असं कळताच उरलेलं खाणं तोडा, थोडा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून सावकाश पाजा, ठसका लागू देऊ नका आणि १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

घाटावरची मेंढरं तुमच्या शेतात

धनगरांचा वाडा शेतात बसवणं हा भातशेतीला मिळणारा उत्तम सौदा आहे. रात्री वाघर लावून मेंढरं एका तुकड्यात कोंडतात, लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं, दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. मोबदला रोख की भात, किती रात्री, पाणी कोणाचं, हे आधी तोंडावर ठरवा. मेंढरं उठली की दोन-तीन दिवसांत हलकी नांगरट करून लेंडी मातीआड करा. उघडी राहिली तर उन्हाने तिचा कस उडतो आणि उरलेलं पहिल्या पावसात बांधाबाहेर जातं.

पण आपल्या शेळ्या त्या कळपात मिसळू देऊ नका. पीपीआर आणि लाळ्या खुरकूत हे रोग मेंढीकडून शेळीकडे आणि उलटेही जातात. पाण्याचं भांडं वेगळं, चरायची बाजू वेगळी. यात कुणाचा अपमान नाही. धनगरालाही आपल्या शेळीची भीती तेवढीच असते. त्याला भेटलात तर दोन गोष्टी विचारून घ्या. खूर कसा कापायचा आणि आजारी मेंढी लांबून कशी ओळखायची. कळपाच्या मागे रेंगाळणारं, कान पडलेलं जनावर तो शंभरात हेरतो.

ज्यांच्याकडे स्वतःची मेंढी आहे त्यांनी लोकर फाल्गुनातच कातरून घ्यावी. लोकरीचं ओझं घेऊन मेंढी वैशाखात धापा टाकते, आणि पावसात तीच लोकर भिजून दिवसचे दिवस ओली राहते. अंग कोरडं असताना कातरा, कात्री लागली तिथे आयोडीन लावा आणि पहिले काही दिवस भर दुपारी उन्हात सोडू नका, उघडी कातडी भाजते. लोकरीचे पैसे किती मिळतील हे विचारू नका. दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास, भरड आणि काळी. कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून घाटावरसुद्धा ती टाकून देतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची, लोकर तेवढी घोंगडीवाले सणगर अजून मागतात. मेंढीला गाईचं खनिज मिश्रण देऊ नका. त्यातलं तांबं तिला बाधतं.

खूर, जंत, लस

खूर कापायचा मुहूर्त पावसाच्या आधीचा. उन्हाळ्यात खूर दगडासारखा टणक होतो, म्हणून आदल्या रात्री जागा ओली करून शेळी तिथे उभी ठेवा, सकाळी सुरी चालते. वाढलेली कड तेवढी तासा. गुलाबी दिसू लागलं की थांबा. वाढलेल्या खुरात चिखल अडकतो आणि तिथूनच खुरी सुरू होते. पावसाळ्यात मोरचुदाच्या पाण्यातून पाय बुडवून नेण्याची पद्धत चांगली आहे, पण ते पाणी जनावराने प्यायलं तर विष, मेंढीला तर फारच.

जंतांचं औषध दर महिन्याला सरसकट पाजणं बंद करा. जंत औषधाला दाद देईनासे होतात. शेळीची खालची पापणी ओढून बघा: लाल-गुलाबी असेल तर राहू दे, फिकट पांढरी असेल तर लेंडी तपासून औषध द्या. पावसाआधी सगळ्या कळपाला एकदा द्यायचं असतं ते मात्र चुकवू नका. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही; कमी मात्रा म्हणजे जंतांना तालीम. नुकत्याच गाभण शेळ्यांना काही औषधं चालत नाहीत, तेव्हा कोण गाभण आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी लसी. पीपीआरची लस चार महिन्यांच्या पुढच्या जनावराला; ती सुमारे तीन वर्षं पुरते. जगातून हा रोग २०३० पर्यंत घालवायचं उद्दिष्ट आहे. आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. आपल्याकडे हीच सर्वात महत्त्वाची मानतो मी. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत खाऊन संध्याकाळी धडधाकट असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं ते याच रोगाने. घटसर्पाची लस पावसाच्या आधी. लाळ्या खुरकुताची लस सरकारी मोहिमेत येते, तारीख पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दोन वेगवेगळ्या लसींमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. म्हणूनच हे सगळं चैत्रात सुरू करावं लागतं, मेच्या शेवटी धावपळ करून जमत नाही. कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर तोही याच फेरीत मारून घ्या, सरकारी उपचार, विमा, भरपाई सगळं त्यावर चालतं.

माळा

सगळ्यात जास्त कष्ट इथे घाला. जमिनीवर बांधलेली शेळी कोकणात आजारी पडणारच. जमिनीपासून तीन-चार फूट उंच बांबूचा किंवा फळ्यांचा माळा करा, पट्ट्यांमध्ये साधारण एक ते दीड सेंटिमीटर फट ठेवा. लेंडी खाली पडली पाहिजे, करडाचा पाय अडकता कामा नये. मोठ्या शेळीला आत दहा चौरस फूट जागा धरा. दहा शेळ्यांना शंभर चौरस फूट आणि करडांसाठी एक कोपरा आडवा लावलेला.

आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला कारवीचा कूड शेणामातीने लिंपून घ्या, वरचा हात-दीड हात वाऱ्याला मोकळा ठेवून छप्पर पुढे काढा. उरलेल्या तिन्ही बाजू ताडपत्रीने गुंडाळण्याची चूक करू नका. आत लेंडी-मुताची वाफ कोंडते आणि शेळ्या खोकू लागतात. ओलीने जितक्या मरतात तितक्याच कोंदटपणाने. माळ्याखालची जमीन चढाची हवी, भोवती चर खणलेला हवा. जुना माळा असेल तर एप्रिलमध्ये फटीफटींत उकळतं पाणी ओता आणि चुना मारा. गोचिडांची अंडी तिथेच असतात. आगीच्या बंदुकीने जाळायची पद्धत सिमेंटच्या गोठ्यात ठीक आहे, बांबूला नको.

नव्या शेळ्या चैत्रात आणू नका, मग त्या दहा शेळ्या-एक बोकड या सरकारी योजनेतल्या असोत की बाजारातल्या. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला घाटाखालच्या दमट हवेची सवय व्हायला वेळ लागतो आणि दोन महिन्यांत पावसाची झोड सुरू होते. कार्तिकात आणा, तीन आठवडे वेगळ्या बांधा. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली जात पावसाळी हवेतलीच आहे. जातीविषयी आणि चाऱ्याविषयी डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं.

विकायचं कधी

चैत्र पौर्णिमेला डहाणूची महालक्ष्मीची यात्रा सुरू होते, गावोगावी देवकार्यं निघतात, लग्नं असतात. बोकडाला गिऱ्हाईक घरी चालत येतं. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२५ साली ती ७ जूनला होती, म्हणजे आणखी काही वर्षं ती आपल्या उन्हाळ्यातच पडणार आणि मुंबईचा देवनारचा बाजार तेव्हा तापलेला असणार. त्या हिशेबाने बोकड आतापासून खुराकावर घ्या. व्यवहार नजरेने करू नका. पालघर-बोईसरला मिळणारा साधा लटकता काटा घ्या आणि जिवंत वजनावर भाव बोला. व्यापारी अंगावर हात फिरवून वजन सांगतो तेव्हा ते त्याच्या सोयीचं असतं. मिरगाच्या तोंडावर चारा नाही म्हणून दहाच्या दहा विकायला काढणाऱ्याला कोणीच भाव देत नाही. भाकड, म्हातारी, दोनदा गाभडलेली शेळी मात्र याच दिवसांत काढून टाका. तिला पावसाळाभर पोसण्यात अर्थ नाही.

विकेपर्यंत जनावर राखायलाही हवं: रात्री माळ्याचं दार लावा. मनोरच्या जंगलाच्या बाजूला बिबट्या आहे, आणि गावातली मोकाट कुत्रीही करडं उचलतात. बिबट्याने जनावर मारलं तर ते जागेवरून हलवू नका, फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. शवविच्छेदनाचा दाखला पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून लागतो, आणि तिथे पहिला प्रश्न कानातल्या बिल्ल्याचाच येतो.